तिसऱ्या बाकावरचा सूर

गेली कित्येक वर्षं मी चर्चमध्ये गिटार वाजवते आणि एवढ्या वर्षांत उपासना संपल्यावर कुणी येऊन "छान वाजवलंस हो" असं मला म्हटलेलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही. वाजवणाऱ्याकडे लोकांचं लक्ष गेलं म्हणजे वाजवणाऱ्याचं काहीतरी चुकलं, असंच आमच्या मंडळीत समजायचे, आणि ते बरंच होतं. आता आमच्यावर निळा दिवा सोडतात. मी पन्नाशीला टेकलेली, सकाळी साखरेची गोळी घेणारी, मुलुंडच्या एका कंपनीत माल पाठवायचं काम बघणारी बाई. निळ्या दिव्यात मी मढ्यासारखी दिसते. हे बोलून दाखवलं तर उत्तर मिळतं, सिस, इट्स फॉर द अ‍ॅटमॉस्फिअर.

आमचं चर्च भांडुपला, चढावरच्या गल्लीत. एका अंगाला पिठाची गिरणी, दुसऱ्या अंगाला जिम. मंडळी मराठी, बहुतेकांची मुळं नगर-जालन्याकडची. भेटलं की एकमेकांना सलाम करायचा, उपासनेनंतर दारात उभं राहून कुणाच्या मुलीचं कुठे जमलं ते काढून घ्यायचं, आणि पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की बायकांनी पदराआडून घड्याळ बघायचं, अशी साधी मंडळी. गाण्याच्या बाबतीत मात्र आमचा एक हट्ट होता. अर्पणाचं गीत बाकावरून उचलायचं.

म्हणजे कसं, ते सांगते. उपासनेत दान गोळा करायची वेळ येते तेव्हा दांडीला लावलेल्या लाल मखमली थैल्या बाकांमधून फिरतात. त्या फिरायला लागल्या की बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या बाकावरून माझी आई गीत सुरू करते. माइक नाही, इशारा नाही, "आता आपण अमुक क्रमांकाचं गीत गाऊ" नाही. तिला वाटलं की ती सुरू करते. दुसऱ्या ओळीला सगळं चर्च तिच्यात येऊन मिळतं. आणि थैल्या परत टेबलावर जाईपर्यंत गीत थांबत नाही. कडवी संपली तर पुन्हा पहिल्यापासून. तिच्याआधी हे काम तिची सासू करायची. कुणी नेमलं नव्हतं, कुणी काढलंही नव्हतं.

आता वाजवणाऱ्याची गोची बघा. आई कुठल्या सुरात उचलेल हे तिचं तिलाही माहीत नसतं. सर्दी असली की खाली, कुणावर चिडलेली असली की वर. पहिली ओळ संपायच्या आत तिचा सूर हुडकून आपण खाली सतरंजी अंथरल्यासारखं वाद्य अंथरायचं. पूर्वी हे वडील पेटीवर करायचे. ते गेले तेव्हापासून मी गिटारवर करते. गिटारच्या मानेवर लावायचा एक चिमटा असतो, कॅपो म्हणतात, तो मानेवरच्या पट्ट्यांमधल्या पुढच्या घरात सरकवला की सूर चढतो. आईच्या पहिल्या दोन शब्दांत मी तो चिमटा बरोबर घरावर नेऊन बसवते. ती कधी दोन घरांच्या मधोमध उचलते, तेव्हा मी नुसती जाडी तार छेडत राहते आणि लोकांना हळूच जवळच्या सुरावर आणते. कुणाला पत्ता लागत नाही. मला दुसरं फारसं काही येत नाही. अवघड बोटं, भराभर ताना, काही नाही. पण आईचा सूर मी झोपेतही धरीन, ही माझी घमेंड होती आणि ती मी पोसली होती.

मग आमच्याकडे वर्शिप लीडर, म्हणजे उपासनेतलं गाणं-बजावणं चालवणारा, अवतरला.

अवतरला म्हणजे होता गल्लीतलाच. त्याला पहिले तीन कॉर्ड मीच शिकवले, आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवून. बोटं दुखतात म्हणून मुसमुसायचा, मग आई त्याला चिवडा द्यायची. पुढे कॉलेज झालं, नोकरी लागली, आणि एकदा बंगळुरूला कसल्याशा शिबिराला जाऊन आला. जाताना मला ताई म्हणत होता, येताना सिस. आईला आजी म्हणायचा, तिची आंटी झाली. घरी "आये, डबा दे" म्हणणारा पोरगा, पण माइक हातात आला की मराठी अशी बोलतो जणू कालच विमानातून उतरलाय आणि सामान अजून यायचंय. गुडघ्यावर फाटलेली पँट. प्रार्थना करताना दर वाक्यात "प्रभू, आम्ही फक्त". प्रभू, आम्ही फक्त येतो. प्रभू, आम्ही फक्त मागतो. अरे बाबा, फक्त येतोस तर एवढा लवाजमा कशाला?

कारण लवाजमा खरंच आला. स्पीकर आले, दिवे आले, भिंतीएवढा पडदा आला, उपासना मोबाइलवर लाइव्ह दाखवायला कॅमेरा आला. नाकापेक्षा मोती जड. आमचं चर्च ते केवढं, शेवटच्या बाकावरचा म्हातारा खोकला तर पाळकसाहेब व्यासपीठावरून त्याला पाणी विचारतात. तिथे धूर सोडायचं मशीन! पहिल्या रविवारी धूर आला तेव्हा दोन आज्या चपला शोधायला लागल्या आणि आईने बाकावरून अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, कुणाचं वरण करपलं? ती बालवाडीत शिकवायची. जगाशी ती अजून त्याच आवाजात बोलते.

सगळ्यात थोर प्रकार म्हणजे ट्रॅक. म्हणजे गाण्याचं अर्धं संगीत आधीच कुठूनतरी तयार करून आणायचं, लॅपटॉपवर चालू करायचं, आणि आम्ही चार जणांनी त्याच्याबरोबर वाजवायचं. बरोबर पडावं म्हणून आमच्या कानात एक बोंडूक, त्यात सतत टिकटिक, आणि एका गोऱ्या बाईचा आवाज: व्हर्स, टू, थ्री, फोर. मी चर्चमध्ये बसून चर्च ऐकूच शकत नाही. समोर लोक तोंडं उघडतात, मिटतात, आणि मला ऐकू येते ती टिकटिक. गुरुवारी सराव असतो, मी कामावरून थेट डबा घेऊन जाते. तिथे एकदा त्याने मला प्रेमाने बाजूला घेऊन सांगितलं की सिस, तुमच्या चेहऱ्यावर जॉय दिसत नाही, लाइव्हमध्ये कळतं. मी म्हटलं, माझा चेहरा जन्मापासून असाच आहे, देवाने बनवलाय, तक्रार तिकडे कर. तो हसला. त्याला वाटतं मी विनोदी आहे.

या सगळ्यात अर्पणाचं गीत गेलं. कुणी जाहीर केलं नाही. एका रविवारी थैल्या निघाल्या आणि आईने श्वास घेतला, तेवढ्यात ट्रॅक सुरू झाला. इंग्रजी गाणं. आईने घेतलेला श्वास सोडून दिला. पुढच्या रविवारी तेच. मी उपासनेनंतर विचारलं तर लीडर म्हणाला, सिस, बाकावरून उचलणं खूप स्वीट आहे, पण स्केल फिक्स नसतं, टेम्पो फिक्स नसतो, लाइव्हवर ऐकायला कसं वाटतं! मी पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब म्हणजे दोन्ही डगरींवर हात. तरुण मंडळी टिकली पाहिजे, म्हणाले, आणि जुनं जपलंही पाहिजे, म्हणाले, आणि चहा घेणार का, असं विचारलं. पंच कमिटीतही कुणी बोललं नाही. निम्म्यांची मुलं त्या धुरात नाचत होती.

आई काही बोलली नाही. त्याचंच मला जास्त लागलं. भाजीवाल्याने सडका टोमॅटो घातला तर गल्ली डोक्यावर घेणारी बाई, आणि यावर एक अक्षर नाही. ती येऊन तिसऱ्या बाकावर बसायची आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं पळायची तेव्हा मांडीवरचं गीतपुस्तक मिटून छताकडे बघायची. मी स्टेजवरून बघत राहायचे. मनात इतक्या शिव्या यायच्या की चर्चमध्ये असल्याची लाज वाटायची.

दिवाळीनंतर आईच्या गळ्याला गाठ दिसली. थायरॉइडची. तपासण्या झाल्या, गाठ काढायची ठरली. मुलुंडच्या डॉक्टरबाई चांगल्या होत्या, त्यांनी लपवलं नाही. म्हणाल्या, आवाजाची नस गाठीला चिकटून जाते. आम्ही सांभाळू. पण आवाज बसू शकतो. बहुतेकांचा परत येतो, काहींचा येत नाही. मी काहीतरी विचारणार होते, पण माझ्या आधी आईने विचारलं.

"ऑपरेशन बुधवारी ना? म्हणजे मध्ये रविवार येतो."

डॉक्टरबाई गोंधळल्या. म्हणाल्या, हो आजी, येतोच.

घरी येताना रिक्षात आई बाहेर बघत म्हणाली की या रविवारी अर्पणाचं गीत मी उचलणार, त्यांना सांगून ठेव. एवढंच. आयुष्यात तिने चर्चमध्ये काही मागितलं नव्हतं, ना खुर्ची ना सत्काराची शाल. मी म्हटलं, सांगते. आणि रिक्षातच मला रडू आलं तर ती म्हणाली, अजून बोलतेय ना मी, मग आत्ताच कशाला गळतेस.

त्याच संध्याकाळी मी लीडरला फोन केला. सगळं सांगितलं, ऑपरेशन, आवाज, सगळं. तो खरंच हळहळला. वाईट मुलगा नाही तो, हे लिहिताना माझ्या जिवावर येतं, पण नाही. म्हणाला, सिस, आपण आंटीसाठी स्पेशल स्लॉट ठेवू. मी म्हटलं, स्लॉट नको रे, तू फक्त ट्रॅक लावू नकोस, ती बाकावरून सुरू करेल. नाही, नाही, म्हणाला, बाकावर कॅमेरा जात नाही. आंटी स्टेजवर येतील, माइकवर गातील, मी त्यांच्या गीताचा प्रॉपर ट्रॅक बनवून घेतो. त्यांच्याच स्केलमध्ये. लेट्स ऑनर हर. मी पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, वा, छानच की, दोन्ही साधतंय.

दुसऱ्या दिवशी लीडर घरी आला. आई मटार सोलत होती. त्याने तिच्यासमोर मोबाइल धरला आणि म्हणाला, आजी, एक कडवं म्हणा, मला तुमचं स्केल पकडायचंय. घरात आल्यावर आंटीची पुन्हा आजी झाली होती. आईने मटार सोलता सोलता एक कडवं म्हटलं. स्वयंपाकघरात, बसून, हळू आवाजात. त्याने ते मोबाइलवर घेतलं, चिवडा खाल्ला आणि गेला. मी तेव्हाच बोलायला हवं होतं की अरे, मटार सोलतानाचा सूर आणि चर्चमधला सूर एक नसतो. बोललेही. तो म्हणाला, सिस, ट्रस्ट मी.

शुक्रवारी ट्रॅक आला. मी आईला ऐकवला. व्हायोलिनं होती, ढोल होते, सुरुवातीला समुद्राच्या लाटा होत्या. आईने मान डोलवत पूर्ण ऐकला आणि म्हणाली, छान आहे, कुठलं गीत आहे?

रविवार आला. आईने ठेवणीतली इरकल नेसली. तिला स्टेजवर चढवलं, जमिनीवर टेप चिकटवून आखलेल्या चौकोनात उभं केलं, निळा दिवा सोडला. कानात ते बोंडूक घालताना तिने लीडरला विचारलं की एकाच कानात का. तो म्हणाला, क्लिक ऐकायला, बाईने फोर म्हटलं की सुरू करायचं. आईने मान हलवली. बालवाडीत शिकवलेली बाई, मुलं काय सांगतात ते ऐकून घ्यायची सवय.

थैल्या निघाल्या. लाटा आल्या. कानात टिकटिक सुरू झाली, बाईने मोजलं, वन, टू, थ्री, फोर. व्हायोलिनं आली. ढोल आले. आई काही आली नाही. ती माइकसमोर हात जोडून शांत उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं होतं की हे थांबलं की मी सुरू करते. लीडर शेजारून हातवारे करत होता, नाऊ, आंटी, नाऊ. मी वाजवत होते. काय वाजवत होते? ज्या गाण्याला गाणारं कुणी नाही त्याची साथ. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, इथे घोडं नाचत पुढे गेलं आणि वरात मांडवातच. पडद्यावर पहिलं कडवं आलं, गेलं. दुसरं आलं, गेलं. लोकांना कळेना गायचं की नाही. आईने उचलल्याशिवाय ते गीत कसं गायचं हे आमच्या लोकांना ठाऊकच नाही. तिसऱ्या कडव्याला मागून एक म्हातारा पडद्यावरचं मोठ्याने वाचायला लागला, बातम्या वाचल्यासारखं. मग ढोलांचा गडगडाट झाला आणि ट्रॅक संपला. तोवर थैल्याही टेबलावर पोचल्या होत्या.

आईने श्वास घेतला. मी बघितलं, तिने श्वास घेतला, आणि माझा हात चिमट्यावर गेला. तेवढ्यात लीडर माइकमध्ये म्हणाला, आमेन! आंटीसाठी जोरदार टाळ्या!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाईने एक शब्द गायला नव्हता, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने कानातलं बोंडूक काढून त्याच्या हातात दिलं, सावकाश पायऱ्या उतरली आणि तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. नंतर घरी भात वाढताना म्हणाली, कुणीतरी कानात मोजत होतं, म्हटलं त्याचं मोजून होऊ दे. आणि हसली. मला हसू आलं नाही. मी ताट सरकवलं. एक रविवार मागितला होता माझ्या आईने.

बुधवारी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. आवाज मात्र गेला. गेला म्हणजे अगदी गेला नाही, उरला तो वाऱ्यासारखा, दाराच्या फटीतून येतो तसा. डॉक्टरबाई म्हणाल्या, थांबूया, सहा महिने बघूया. आई इशाऱ्यांनी भाजीवाल्याशी भांडायला लागली. तो बिचारा आता सडके टोमॅटो मुळीच घालत नाही, शांत बाईला लोक जास्त घाबरतात. चर्चमधून लोक भेटायला आले. लीडरही आला, नारळपाणी घेऊन, आणि डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली, प्रभू, आम्ही फक्त. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

महिन्याभराने ती चर्चला आली. गळ्याला रुमाल. तिसऱ्या बाकावर तिची जागा कुणी घेतली नव्हती, तेवढी लाज होती लोकांना. उपासना झाली तशी झाली, धूर, दिवा, उड्या. अर्पणाची वेळ आली, थैल्या निघाल्या, ट्रॅक सुरू झाला आणि आम्ही चौघे त्याच्यामागे टिकटिकीला बांधलेले.

मी बाकाकडे बघत होते, सवयीने. आणि मला दिसलं की आईचे ओठ हलतायत. ट्रॅकच्या तालाशी त्याचा संबंध नव्हता. मग तिच्या शेजारणीचे ओठ हलले, त्याच लयीत. मग पुढच्या बाकावरच्या दोघींनी मागे वळून बघितलं आणि त्याही. मला कानात काही ऐकू येत नव्हतं, टिकटिक सोडून. पण ते ओठ मी ओळखले. तिने गीत उचललं होतं. त्या आवाजात, ज्याने तिला रिक्षावाल्याला पत्ता सांगता येत नव्हता.

मी कानातलं काढलं. तरीही ऐकू येईना, स्पीकर दणाणत होते. माझी वायर स्टेजच्या कडेपर्यंतच पुरते. गिटार वाजवणारा कधीही करत नाही ती गोष्ट मी केली, चालू लाइनवर वायर उपसली. स्पीकरमधून असा फटाका वाजला की लीडर खाली वाकला. मी तीन पायऱ्या उतरले, बाकांमधून शिरले आणि आईच्या तोंडाजवळ कान नेला. फुसफुस येत होती, शब्द सगळे होते. मी चिमटा सरकवला, सूर लावला आणि जीव खाऊन वाजवायला लागले, वायरीशिवाय, नुसत्या लाकडावर.

आधी बायकांचे बाक आले. मग पुरुषांचे. गिटार ऐकू यावी म्हणून सगळे बेतानेच गात होते. वरून ट्रॅक गडगडत होता, खालून आमचं गीत, चर्चमध्ये दोन गाणी एकमेकांच्या अंगावर. पण ट्रॅकची एक अडचण असते, तो संपतो. तो त्याच्या वेळेला संपला. आमच्या थैल्या अजून मागच्या बाकांवर होत्या. आम्ही तिसऱ्या कडव्यावर होतो. लीडर माइक धरून उभा होता आणि त्याला करायला काहीही उरलं नव्हतं. त्याच्या आयुष्यातला तो पहिला उपयोगी क्षण असावा. ते मशीन शेवटचा धूर टाकून गप्प झालं, थैल्या टेबलावर पोचल्या आणि लोकांनी शेवटचं कडवं संपवलं. कुणी टाळी वाजवली नाही. मी तिथेच बाकावर आईशेजारी बसले.

संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला. शेजारच्या बाकावरून कुणीतरी मोबाइलवर घेतलेला, लीडरने टाकला होता. वर लिहिलं होतं, सो ब्लेस्ड बाय धिस रॉ अनप्लग्ड मोमेंट, आणि पुढे आगीची चित्रं. शेकडो लोकांनी अंगठे दिले. पाळकसाहेबांनी लिहिलं, जुन्या-नव्याचा सुंदर संगम. मी मोबाइल उलटा करून ठेवला. वरातीतल्या घोड्याला काही सांगितलं तरी तो नाचणारच.

आई पलंगावर बसून गळ्याचा रुमाल सोडत होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली. मला ऐकायचं होतं. एवढी वर्षं कुणी छान वाजवलंस म्हटलं नव्हतं, पण आज आई म्हणेल असं मला वाटत होतं, आणि तसं मी तिला विचारलंसुद्धा, की आई, बरोबर धरला ना सूर?

तिने मला जवळ बोलावलं. मी वाकून कान तिच्या तोंडापाशी नेला, सकाळसारखाच.

"तू जुना लावलास," ती म्हणाली. "मी खाली दिला होता. तू वर घेतलास, मग मी नुसते ओठ हलवले."

मी मोबाइल सुलटा केला आणि व्हिडिओ पुन्हा लावून बघितला. ती खरंच सांगत होती. मी पोचेपर्यंत ती दर ओळीआधी श्वास घेत होती, नंतर नुसते ओठ.

आईने माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि आत चहा टाकायला गेली. पुढच्या रविवारी निघायच्या आधी मी गिटारचा चिमटा घरीच ठेवला आणि सगळ्या तारा दोन घरं खाली उतरवल्या.